दोनच आकडे, मधला नाही

आउट ऑफ द पार्क बेसबॉल या गेममध्ये चेंडू आपण टाकत नाही आणि बॅटही आपल्या हातात नसते. आपण असतो संघाचे जनरल मॅनेजर. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, कोणाला किती पगार द्यायचा, खालच्या लीगमधल्या कुठल्या पोराला कधी वर आणायचं, हे आपलं काम. सामने संगणक खेळतो. आपल्यासमोर येतात ते आकडे, तक्ते आणि बातम्या. हा गेम सुरू केला मार्कुस हाइन्सोन या जर्मन माणसाने, जिथे बेसबॉल फारसं कुणी बघत नाही अशा देशातून. त्यामुळे पुण्यात बसून तो खेळताना मला कधी परकं वाटलं नाही.

या गेममधलं मला सर्वांत आवडतं प्रकरण म्हणजे सॅलरी आर्बिट्रेशन, म्हणजे खेळाडूच्या पगाराच्या वादाचा लवादाकडून होणारा निकाल. बरेच जण ते चार क्लिकमध्ये उरकून खेळाडूंच्या बाजारात शिरतात. मी मात्र तिथे रेंगाळते, कारण संघाचा पुढचा हंगाम खरं तर तिथेच ठरतो.

मी मिलवॉकी ब्रुअर्सचा संघ चालवते. माझा मामेभाऊ, आमचा दादा, मिलवॉकीत नोकरीला आहे आणि मी त्याच्याकडे गेले होते तेव्हा त्यानेच मला आयुष्यातला पहिला बेसबॉल सामना दाखवला. विस्कॉन्सिन राज्यातलं हे शहर मोठं नाही, संघाचं उत्पन्नही बेताचं. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या संघांसारखा पैसा इथे ओतता येत नाही. अशा संघाला आर्बिट्रेशन नीट कळलंच पाहिजे. माझ्या गेममध्ये खरे खेळाडू आता बहुतेक निवृत्त झालेत, मैदानात दिसतात ती गेमनेच जन्माला घातलेली पोरं. त्यातल्या २०३१ च्या हंगामानंतरचा हिवाळा कसा गेला, ते सांगते.

आधी थोडे नियम. मेजर लीग म्हणजे बेसबॉलची सर्वांत वरची लीग, आणि तिच्यातल्या खेळाडूच्या कमाईचे तीन टप्पे असतात. पहिली साधारण तीन वर्षं संघ देईल तो पगार घ्यायचा, म्हणजे बहुतेकांना किमान वेतनाच्या आसपास. प्रत्यक्षात २०२५ साली हे किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होतं. सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, हव्या त्या संघाशी करार करू शकतो. मधली तीन वर्षं आर्बिट्रेशनची. या काळात तो संघ सोडून जाऊ शकत नाही, पण पगारासाठी लवादाकडे जाऊ शकतो.

ही वर्षं दिवसांवर मोजतात. मेजर लीगच्या रोस्टरवर, म्हणजे संघाच्या खेळाडूंच्या यादीत, १७२ दिवस काढले की एक वर्ष धरलं जातं. हंगाम त्यापेक्षा थोडाच मोठा असतो, आणि त्यामुळे दिवसांवरून फार मोठे खेळ होतात. शिकागो कब्ज या संघाने २०१५ साली क्रिस ब्रायंटला हंगामाच्या सुरुवातीला खालच्या लीगमध्ये ठेवलं. वर्षअखेर त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसाने त्याचं मोकळं होणं वर्षभर लांबलं. त्याने दाद मागितली आणि २०२० मध्ये निकाल त्याच्या विरोधात गेला. गेममध्येही खेळाडूच्या नावापुढे वर्षं आणि दिवस दिसतात, आणि मी ते रोज बघते.

यात आणखी एक पोटनियम आहे, सुपर टूचा. तीन वर्षं पूर्ण झालेली नाहीत पण दोन झाली आहेत, सरलेल्या हंगामात किमान ८६ दिवस रोस्टरवर काढले आहेत, आणि अशा सगळ्या खेळाडूंमध्ये सेवाकाळाच्या हिशोबाने जो वरच्या २२ टक्क्यांत येतो, त्याला वर्षभर आधीच आर्बिट्रेशनचा हक्क मिळतो. म्हणजे त्याला तीनऐवजी चार वेळा पगार वाढवून मागता येतो. माझा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा खेळाडू, त्या हिवाळ्यात या नियमात बसला. दोन वर्षं आणि १३१ दिवस. पहिल्या हंगामात मेअखेर आमचा मुख्य कॅचर जायबंदी झाला तेव्हा मी याला वर आणलं होतं. आणखी काही आठवडे थांबले असते तर संघाचे बरेच पैसे वाचले असते, असं दादाचं म्हणणं. पण पोरगा तयार होता. तयार माणसाला दिवस मोजत खाली बसवायचं, हे मला गेममध्येसुद्धा पटत नाही.

खेळाडूंना हा हक्क सहज मिळालेला नाही. पूर्वी करारातल्या राखीव कलमामुळे खेळाडू जन्मभर एका संघाला बांधलेला असे. संघ म्हणेल तो पगार घ्या, नाहीतर घरी बसा. १९६६ साली लॉस एंजेलिस डॉजर्सचे सँडी कूफॅक्स आणि डॉन ड्रायस्डेल हे दोन अव्वल पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, पगारासाठी खरोखरच घरी बसले होते, दोघं मिळून. पण असं अडून बसायची ताकद लाखात एखाद्याकडे असते. त्याच वर्षी मार्व्हिन मिलर खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला. तो पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये मुरलेला अर्थतज्ज्ञ होता. मालकांबरोबरच्या १९७३ च्या करारात पगाराचा वाद लवादाकडे नेण्याची सोय झाली आणि १९७४ मध्ये पहिल्या सुनावण्या झाल्या.

आता माझा हिवाळा. हंगाम संपला की गेम आर्बिट्रेशनला पात्र असलेल्या खेळाडूंची यादी पुढे ठेवतो. नाव, वय, सेवाकाळ, यंदाचा पगार, आणि पुढच्या वर्षी साधारण किती मिळेल याचा अंदाज. ठरलेल्या मुदतीपर्यंत ज्याला ठेवायचं आहे त्याच्या नावापुढे आपला आकडा लिहायचा. ज्याच्यापुढे काहीच लिहिलं नाही, तो मोकळा झाला. प्रत्यक्षातही असंच चालतं. नोव्हेंबरात संघ कोणाला करार देऊ करतात आणि कोणाला नाही हे जाहीर होतं, आणि दरवर्षी कितीतरी चांगले खेळाडू एका संध्याकाळीत बेरोजगार होतात.

माझ्या यादीत पाच नावं महत्त्वाची होती. फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक), क्लोजर (सामना संपवायला येणारा पिचर), डावखुरा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर), शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) आणि हा कॅचर.

फर्स्ट बेसमनपाशी मी सर्वांत जास्त वेळ घालवला. २७ होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके), आणि अंदाज ८४ लाख डॉलर. आर्बिट्रेशनमध्ये होम रन, आरबीआय (आपल्या बॅटिंगने संघाला मिळवून दिलेल्या धावा), पिचरचे विजय, क्लोजरचे सेव्ह (शेवटी येऊन राखलेले निसटते विजय) असे जुने, ठसठशीत आकडे भाव खातात. फिलाडेल्फिया फिलीजच्या रायन हॉवर्डने २००६ मध्ये ५८ आणि २००७ मध्ये ४७ होम रन मारले आणि २००८ च्या सुनावणीत संघाच्या ७० लाखांविरुद्ध १ कोटी डॉलर जिंकून घेतले. सुनावणी जिंकलेल्या खेळाडूला मिळालेली ती तेव्हाची सर्वांत मोठी रक्कम. माझ्या खेळाडूचे होम रन त्याच्या जवळपासही नव्हते, आणि बाकीचा हिशोब तर बसतच नव्हता. शंभरदा बॅटिंगला आला तर तीस वेळाही तो बेसवर पोचत नसे. फिल्डिंग जेमतेम. ८४ लाखांत मला त्याच्या जागी दोन माणसं मिळत होती. त्याच्या बदल्यात कोणी काही देतंय का ते मी सगळ्या संघांकडे विचारून पाहिलं. त्यांनाही तोच अंदाज दिसत होता, त्यामुळे कोणी हात लावेना. मुदतीच्या दिवशी मी त्याच्यापुढची जागा कोरी ठेवली.

हा निर्णय आकड्यांनी बरोबर असला तरी सोपा नसतो. कब्जने २०२० च्या डिसेंबरात काइल श्वार्बरला असंच सोडलं होतं. दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याने फिलीजकडून ४६ होम रन मारले आणि नॅशनल लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकात, होम रनमध्ये पहिला आला. माझ्या फर्स्ट बेसमनला पुढे टेक्सासच्या संघाने घेतलं. अजूनही मी टेक्सासचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा तक्ता, उघडला की आधी त्याचं नाव शोधते.

शॉर्टस्टॉपचं उलट होतं. माझ्या संघातला सर्वांत मोलाचा खेळाडू तोच. डावी-उजवीकडचा कुठलाही चेंडू त्याच्या हातातून सुटत नसे. पण सूर मारून अडवलेल्या चेंडूंना लवादापुढे होम रनसारखी किंमत येत नाही, त्यामुळे त्याच्या पहिल्या आर्बिट्रेशनचा अंदाज होता फक्त ३८ लाख. त्याला वर्षावर्षाने पगार देत बसण्यापेक्षा मी सरळ सहा वर्षांचा करार पुढे केला. तीन आर्बिट्रेशनची आणि मोकळा झाल्यानंतरची तीन, मिळून ७ कोटी ८० लाख डॉलर. गेममध्ये प्रत्येक खेळाडूला स्वभाव असतो. निष्ठा, लोभ, जिंकण्याची ओढ, मेहनत असे गुण नोंदलेले असतात. याची निष्ठा भरपूर आणि लोभ कमी होता. थोडी घासाघीस करून त्याने सही केली.

दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, अगदीच स्वस्तात पडला की तुला! मोकळा झाल्यावर त्याला याच्या दुप्पट मिळाले असते.”

“मिळाले असते, दादा, गुडघा शाबूत राहिला असता तर. तो धोका आता त्याचा नाही, माझा आहे.”

हा सौदा तसा खुल्या मनाने होतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे जनरल मॅनेजर जॉन हार्ट यांनी तरुण खेळाडूंना असे लांब करार द्यायचा पायंडा पाडला. मिलवॉकीने तर २०२३ च्या डिसेंबरात जॅक्सन चुरिओला मेजर लीगमध्ये एकही सामना खेळण्याआधीच ८ वर्षांचे ८ कोटी २० लाख डॉलर दिले. खेळाडू थोडी किंमत सोडतो आणि घरच्यांच्या पुढच्या कित्येक वर्षांची चिंता मिटवतो. मला हा व्यवहार आर्बिट्रेशनपेक्षा बरा वाटतो, पण सगळेच खेळाडू त्याला तयार नसतात.

क्लोजर आणि डावखुरा स्टार्टर दोघंही तयार नव्हते. त्यांच्याशी गाठ लवादापुढेच पडणार होती.

इथे या पद्धतीची खरी गंमत आहे, आणि ती मला नीट उमगली ती बाबांशी बोलताना. बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेत. युनियनच्या कमिटीवर होते. दर तीन वर्षांनी होणाऱ्या वेतन कराराच्या वाटाघाटींत ते बसत. त्या संध्याकाळी ते चहा घेऊन माझ्यामागे उभे राहिले आणि स्क्रीनकडे बघत विचारलं, “हे काय चाललंय?”

मी सांगितलं. खेळाडू एक आकडा देतो, संघ एक आकडा देतो. लवाद दोन्ही बाजू ऐकतो आणि त्या दोनपैकी एक आकडा उचलतो. जसाच्या तसा.

“मधला नाही काढत?”

“नाही. मधला काढायची परवानगीच नाही त्यांना.”

बाबांनी कप टेबलावर ठेवला. “मग दोघंही शहाण्यासारखे आकडे देतील,” ते म्हणाले. “आम्ही मागणीपत्रात दहा हजार लिहायचो, कारण मॅनेजमेंट दीड हजारापासून सुरू करणार हे माहीत असायचं. शेवटी मध्ये कुठेतरी तुटणार, म्हणून दोघंही टोकाला जाऊन बसायचे. इथे टोकाला बसला तो मेला.”

अगदी हेच. कार्ल स्टीव्हन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये ही कल्पना मांडली होती. लवाद जर नेहमी मधला आकडा काढणार असेल तर कोणी आपणहून तडजोड करत नाही, उलट मधलं अंतर आपल्या सोयीने ओढायला प्रत्येकजण अवास्तव मागणी करतो. पण दोनपैकी एकच निवडायचा म्हटल्यावर अवास्तव आकडा देणारा सगळंच गमावतो. त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळ सरकतात, आणि बहुतेक वेळा सुनावणीची वेळच येत नाही. बेसबॉलमध्येही पात्र खेळाडूंपैकी बहुसंख्य आधीच करार करून टाकतात, थोडेच सुनावणीपर्यंत जातात.

यातून एक सोपा हिशोब निघतो, आणि गेममध्ये मी त्याच्यावरच चालते. लवादापुढचा प्रश्न खेळाडूची योग्य किंमत किती, एवढाच नसतो. दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये रेघ मारली तर खेळाडूची योग्य किंमत त्या रेघेच्या वर पडते की खाली, हा प्रश्न असतो. वर पडली तर खेळाडू जिंकला, खाली पडली तर संघ. माझा आकडा मी एकटीने ठरवू शकत नाही. समोरचा किती मागेल याचा अंदाज बांधून, रेघ कुठे पडेल ते पाहून तो ठरवावा लागतो.

क्लोजरचा अंदाज ७५ लाख होता. मी लीगमधले त्याच्याएवढा सेवाकाळ असलेले सगळे क्लोजर चाळणी लावून काढले. गेल्या दोन हिवाळ्यांत ३० च्या वर सेव्ह असलेल्यांना काय मिळालं ते वहीत लिहिलं. अंदाज ठीक होता. पण या पोराच्या स्वभावात लोभाचा रकाना भरलेला, तेव्हा हा वर मागणार हे उघड होतं. तो ८० च्या पुढे गेला तर मला ७० च्या जरा वरचा आकडाही पुरणार होता, कारण रेघ आपोआप वर सरकणार होती. मी ७१ लाख लिहिले.

डावखुऱ्या स्टार्टरचं अवघड होतं. त्याचं दुसरं आर्बिट्रेशन. यंदाचा पगार ३२ लाख, अंदाज ६० लाख. माणूस सरळ, कुठलाच गुण टोकाचा नाही. हा अंदाजाच्या आसपासच मागणार, फार तर दोन-तीन लाख वर. त्याला हरवायचं तर मला ५८ च्या पुढे जावं लागणार होतं. बजेटमध्ये एवढी जागा शोधणं कठीण झालं होतं, आणि दोन लाख वाचले तर त्यात खालच्या लीगमधल्या एका पोराला वर आणून अख्ख्या महिन्याचा किमान पगार देता येत होता. मी ५७ लिहिले.

निकालाच्या बातमीत तिन्ही आकडे एका ओळीत येतात. क्लोजर: मागणी ८१ लाख, संघाचा आकडा ७१ लाख, मंजूर ७१ लाख. रेघ ७६ वर पडली होती आणि त्याची किंमत तिच्या खाली. डावखुरा: मागणी ६२, संघाचा ५७, मंजूर ६२. इथे रेघ साडेएकोणसाठवर होती आणि त्याची किंमत तिच्या जराशी वर. ज्याने अवाच्या सवा मागितलं त्याला माझा कमी आकडा मिळाला आणि ज्याने मापात मागितलं तो जिंकला. बाबांना दाखवलं तर ते डावखुऱ्याच्या निकालावर जास्त खूश झाले. “याचा माणूस हुशार आहे,” म्हणाले, आणि मग विचारलं, “याच्या बाजूने बोलतं कोण तिथे?” एजंट आणि खेळाडूंच्या संघटनेचे वकील, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली.

पण बाबांच्या या प्रश्नावर गेममध्ये उत्तर नाही. गेममध्ये सुनावणी म्हणजे बातमीतली एक ओळ. प्रत्यक्षात ती एक खोली असते, फेब्रुवारीच्या आसपास, फ्लोरिडात किंवा ॲरिझोनात. समोर तीन लवाद. प्रत्येक बाजूला मांडणीसाठी एक तास आणि खंडनासाठी अर्धा तास. गेल्या हंगामातली कामगिरी, कारकिर्दीतलं सातत्य, आधीचा पगार, त्याच तोडीच्या इतर खेळाडूंचे पगार, दुखापती, संघाची अलीकडची कामगिरी, आणि प्रेक्षकांना तो किती खेचतो हेसुद्धा, एवढ्यावर बोलता येतं. संघाकडे पैसे आहेत की नाहीत, वर्तमानपत्रांनी काय लिहिलं, वाटाघाटींत आधी कोणी किती देऊ केले, हे काढायचं नाही. आणि बहुतेक वेळा खेळाडू स्वतः तिथे बसलेला असतो.

तो बसलेला असताना त्याचाच संघ, ज्याच्यासाठी त्याने वर्षभर हात झिजवला, तासभर समजावून सांगतो की हा माणूस एवढ्या पैशांच्या लायकीचा कसा नाही.

मिलवॉकीच्याच दोन गोष्टी यात आहेत आणि त्या मला सारख्या आठवतात. जॉश हेडरने २०१९ मध्ये ३७ सेव्ह केले होते. २०२० च्या सुनावणीत त्याने ६४ लाख मागितले, संघाने ४१ लाख ठेवले, आणि लवादाने ४१ उचलले. हरल्यानंतर ही पद्धत कालबाह्य झाली आहे, असं हेडर उघडपणे म्हणाला. त्याला कठीण प्रसंगी कुठल्याही इनिंगमध्ये आणलं जायचं, आणि सेव्हचा रकाना ते सगळं मोजत नाही. त्याचं म्हणणं मला बरोबर वाटतं. रकान्यात मावतं तेच मोजायचं ही लवादाची सवय आहे, आणि गेमच्या अंदाजातही मला तीच दिसते. माझ्या शॉर्टस्टॉपला ३८ लाखांचा अंदाज त्यातूनच आला.

दुसरी गोष्ट कॉर्बिन बर्न्सची. २०२१ चा नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार त्याचा, म्हणजे त्या वर्षीचा लीगमधला सर्वोत्तम पिचर. २०२३ च्या सुनावणीत त्याने १ कोटी साडेसात लाख मागितले आणि संघाने १ कोटी १० हजार देऊ केले. फरक ७ लाख ४० हजार डॉलर, मेजर लीग संघाच्या हिशोबात किरकोळ. निकाल संघाच्या बाजूने लागला. बाहेर आल्यावर बर्न्सने सांगितलं की २०२२ मध्ये संघ प्लेऑफला पोचला नाही याचं खापर सुनावणीत आपल्यावर फोडलं गेलं, आणि संघाबरोबरच्या नात्याला यामुळे इजा झाली. वर्षभराने, २०२४ च्या फेब्रुवारीत, मिलवॉकीने त्याला बाल्टिमोरला देऊन टाकलं. तो पुढच्या हंगामानंतर मोकळा होणारच होता आणि छोट्या संघाला तसंही त्याला राखणं जड गेलं असतं, हे मला कळतं. तरी एवढ्या फरकासाठी आपल्या सर्वोत्तम पिचरला त्या खोलीत बसवणं मला कधीच पटलेलं नाही. दादा तर त्या दिवसांत इतका चिडला होता की फोनवर दुसरा विषय निघतच नव्हता.

माझ्या गेममध्ये क्लोजरला १० लाखांनी हरवल्यानंतर त्याच्या मनःस्थितीच्या रकान्यात मला काही फरक दिसला नाही. एप्रिलमध्ये तो तसाच धावत माउंडवर आला आणि तसेच तिघांना बाद केलं. गेम बनवणाऱ्यांनी इथे काहीतरी करावं असं मला मनापासून वाटतं. सुनावणीपर्यंत गेलेला खेळाडू पुढच्या करारात थोडा ताठ व्हावा, निष्ठेचा रकाना थोडा खाली यावा. मग संघाला खरी किंमत दिसेल आणि ५७ लिहायचे की ५९, याचा विचार वेगळ्या तऱ्हेने होईल.

दुसरी एक किंमत मात्र गेममध्येही दिसते. आर्बिट्रेशनमध्ये आधीचा पगार हा पुढच्या पगाराचा पाया धरतात, आणि तो सहसा वरच जातो. नियमाने संघाला एका वर्षात २० टक्क्यांपेक्षा जास्त कपात सुचवता येत नाही. त्यामुळे या हिवाळ्यात जिंकलेले किंवा हरलेले पाच लाख तिथेच संपत नाहीत, पुढच्या हिवाळ्याची मोजणी त्यांच्यावरूनच सुरू होते. सुपर टू असलेल्या माझ्या कॅचरचा हिशोब तर चार वर्षांचा. त्याला मी मुदतीआधीच अंदाजापेक्षा थोडे वर, २४ लाख देऊ केले होते आणि त्याने ते मान्य केले होते. फर्स्ट बेसमनचे वाचलेले पैसे क्लोजर, डावखुरा आणि कॅचर या तिघांत आणि एका अनुभवी, डाव्या हाताने बॅटिंग करणाऱ्या बदली खेळाडूत गेले.

२०३२ चा हंगाम आम्ही डिव्हिजनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर संपवला. डावखुऱ्याने १८० इनिंग टाकल्या. हिवाळ्यात त्याचं तिसरं आणि शेवटचं आर्बिट्रेशन आलं. ६२ लाखांच्या पायावर आता अंदाज होता ९० लाख, आणि वर्षभराने तो मोकळा होणार होता. लांबचा करार त्याला नकोच होता, तेही रास्त. मी एका वर्षाचे ९२ लाख पुढे केले. दादा म्हणाला, “दोन लाख उगाच जास्त देतेयस.” बाबा म्हणाले, “दे.” त्याने त्याच दिवशी सही केली, आणि सुनावण्यांच्या यादीत त्या वर्षी माझ्या संघाचं एकही नाव नव्हतं.